फायटरची पिल्लं काढायची, तर त्यांच्या खाण्याची तयारी आधी करा

फायटर माशाची जोडी लावणं अवघड नाही. नर तब्येतीने चांगला, मादी अंड्यांवर आलेली आणि पाणी कोमट असलं की पुढचं बरंचसं काम नर आपणहून करतो. खरी परीक्षा चार दिवसांनी सुरू होते. दोनशे-अडीचशे पिल्लं पोहायला लागतात आणि त्यांच्या तोंडात मावेल असं घरात काहीच नसतं. मग घाईघाईने दुकानातून पावडर आणली जाते. पिल्लं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ती तळाशी सडते आणि आठवड्याभरात टाकी रिकामी होते. पहिल्या खेपेची पिल्लं बहुतेक वेळा अशीच जातात, उपासमारीने आणि बिघडलेल्या पाण्याने. म्हणून इथे कामाचा क्रम पिल्लांच्या पोटापासून सुरू केला आहे. नवा छंद लागलेल्यांनी तो मोडू नये, ही कळकळीची विनंती.

## हा मासा बुडबुड्यांचं घरटं का बांधतो

फायटर, म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा. भातखाचरं, पाणथळ जागा, झाडोऱ्याने भरलेली उथळ डबकी हे त्याचं घर. १९१० साली ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी त्याला आजचं शास्त्रीय नाव दिलं आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केलं.

अशा साचलेल्या, उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो. फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला लॅबिरिंथ नावाचा एक अवयव असतो. त्याच्या आधारे तो पृष्ठभागाशी येऊन थेट हवेतून श्वास घेतो. अंड्यांना ही सोय नसते. म्हणून नर तोंडात हवा घेऊन लाळेने चिकट झालेले बुडबुडे सोडतो, त्यांचा तरंगता थर रचतो आणि अंडी त्यात नेऊन ठेवतो, कारण पाण्यात विरघळलेला प्राणवायू सगळ्यात जास्त तिथेच मिळतो.

एवढं लक्षात ठेवलं की तुमच्या टाकीला काय हवं ते उमगतं: पाणी संथ, खोली कमी, आणि पाण्यावरची हवासुद्धा उबदार व दमट. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

एकटा ठेवलेला नरही घरटं बांधतो. घरटं दिसलं म्हणजे लगेच मादी आणायलाच हवी असं नाही.

## आधी जागेचा हिशेब

एका खेपेला शंभरापासून चारशे-पाचशेपर्यंत अंडी पडू शकतात. नीट सांभाळलं तर त्यातली पन्नास-शंभर पिल्लं सहज मोठी होतात. दोन-अडीच महिन्यांनी त्यातले नर एकमेकांचे पर फाडायला लागतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र बरणी लागते. चाळीस नर म्हणजे चाळीस बरण्या आणि त्या सगळ्यांचं पाणी बदलणं. वन बीएचकेच्या गॅलरीत हे जमणार आहे का, हे आधी घरच्यांशी बोलून ठरवा. ओळखीतले छंदिष्ट, जवळचा शोभेच्या माशांचा दुकानदार यांनाही आधीच विचारून ठेवा. जास्त झालेली पिल्लं विहिरीत, तलावात किंवा नदीत सोडायची नाहीत. ती तिथली नाहीत, आणि आपल्याकडचे रोगही ती तिथे घेऊन जातील.

पैसे मिळतील म्हणून पिल्लं काढणार असाल तर पहिल्या दोन-तीन खेपांपुरता तो विचार बाजूला ठेवा. तेवढा काळ निव्वळ शिकण्याचा असतो.

## जोडी लावण्याच्या आठवडाभर आधी: पिल्लांचं जेवण

अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं. न हलणारी वस्तू त्याला अन्न वाटतच नाही. त्याला जिवंत, हलणारं आणि अतिशय बारीक काहीतरी लागतं.

पहिले दोन-तीन दिवस भागतं ते इन्फ्युसोरियावर, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर. काचेची एक मोठी बरणी घ्या. तिच्यात चालू टाकीतलं जुनं पाणी भरा, फिल्टरचा स्पंज थोडा पिळा आणि कोबीचं एक पान उकळत्या पाण्यात बुडवून काढून बरणीत टाका. केळीच्या सालीचा तुकडाही चालतो. बरणीच्या तोंडाला सुती कापड बांधा, नाहीतर डास त्यात अंडी घालतील. उन्हाची तिरीप येणार नाही पण उजेड असेल अशा जागी ती ठेवा. दोन दिवसांत पाणी दुधट होतं, ते जिवाणूंमुळे. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी पुन्हा निवळायला लागतं, कारण सूक्ष्म जीव ते जिवाणू खाऊन वाढलेले असतात. बरणीमागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारला तर हलणारे पांढुरके ठिपके दिसतात. ते दिसले की खाद्य तयार. घाणेरडा, कुजका वास मारत असेल तर बरणी ओतून द्या आणि पान कमी टाकून पुन्हा सुरुवात करा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन बरण्या लावल्या तर एक फसली तरी दुसरी हाताशी असते.

त्यानंतरचं, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं खाद्य म्हणजे आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जीवाची, नुकतीच फुटलेली पिल्लं. आर्टेमियाची सुकी अंडी शोभेच्या माशांच्या दुकानात छोट्या डबीत मिळतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ विरघळवा, पाव चमचा अंडी टाका आणि एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडून जोरात बुडबुडे चालू ठेवा. उलटी टांगलेली, बूड कापलेली पाण्याची बाटली या कामाला उत्तम, कारण निमुळत्या तळाशी अंडी साचून राहत नाहीत. वर एक बल्ब लावा. २८ अंशांच्या आसपास साधारण २४ तासांत अंडी फुटतात. थंडीत वेळ जास्त लागतो. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि केशरी पिल्लं खाली जमतात. ती बारीक नळीने ओढून दाट विणीच्या सुती कापडात गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मगच टाकीत द्या. न धुता दिली तर रोज थोडं थोडं मीठ टाकीत जातं.

हा प्रयोग जोडी लावण्याआधी एकदा तरी करून बघा. डबी जुनी असेल तर अंडी फुटतच नाहीत, आणि पिल्लं भुकेली असताना ते कळून उपयोग नाही.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पाण्यात कालवून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मी ती नवख्यांना सुचवत नाही. बलकाचा एक थेंब जास्त पडला तरी उथळ टाकीचं पाणी एका रात्रीत नासतं.

## टाकी

वीस ते चाळीस लिटरची साधी टाकी पुरते. पाणी मात्र १० ते १५ सेंटिमीटरच भरा. अंडी आणि नंतर पिल्लं तळाशी पडत राहतात आणि नराला प्रत्येक वेळी खाली जाऊन ती उचलून आणावी लागतात. पाणी खोल असेल तर तो दमतो.

तळाला खडी नको. खडीच्या फटीत गेलेलं अंडं नराला सापडत नाही आणि उरलेलं खाद्यही तिथेच सडतं. हायड्रिला, हॉर्नवर्ट किंवा जावा मॉस एका बाजूला दाट सोडा. मादीला पळून लपायला जागा हवीच, शिवाय वनस्पतींच्या पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव पिल्लांना खायला मिळतात.

घरटं अडकवायला तरंगणारं काहीतरी द्या. थर्माकोलचा कप उभा चिरून त्याचा अर्धा भाग काचेला चिकटपट्टीने लावतात, ते सोयीचं पडतं. देशी बदामाचं वाळलेलं मोठं पान तरंगत ठेवलं तरी नर त्याच्याखाली घरटं बांधतो. हे झाड मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आणि कोकणात परसात सर्रास दिसतं. गळून पूर्ण वाळलेलं तपकिरी पान घ्या. रहदारीच्या धुळीतलं किंवा औषध फवारलेल्या बागेतलं नको. नीट धुऊन, उन्हात वाळवून, पंधरा-वीस लिटरला एक पान या हिशेबाने टाका. दोन दिवसांत पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. पानातल्या टॅनिनमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि बुरशीला थोडा आळा बसतो.

तापमान २७-२८ अंश स्थिर हवं. मुंबईत, कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत ते बऱ्याचदा हिटरशिवायही मिळतं आणि हवाही दमट असते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने जून ते सप्टेंबरचा काळ धरावा. पुणे, नाशिकच्या हिवाळ्यात थर्मोस्टॅट असलेला हिटर लागेलच. स्पंज फिल्टर आधीपासून दुसऱ्या टाकीत चालवून मुरवलेला असावा. घरटं असताना तो बंद ठेवा किंवा हवा इतकी कमी करा की एकेक बुडबुडा सुटेल. वरून काचेचं झाकण हवंच.

नळाच्या पाण्याला क्लोरीन काढणारं औषध वापरा. नुसतं चोवीस तास उघडं ठेवून क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन जात नाही. बोअरचं पाणी फार जड असेल तर त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. एकदा पाणी ठरलं की पिल्लं मोठी होईपर्यंत तेच ठेवा.

## जोडी

चार महिने ते वर्षभराच्या आतले मासे घ्या. नर चपळ, आरशासमोर पर फुलवणारा, अंगावर जखम नसलेला. मादी नराएवढी किंवा किंचित लहान, कारण नराला तिच्याभोवती अंग वळवता आलं पाहिजे. अंड्यांवर आलेल्या मादीचं पोट भरलेलं दिसतं आणि पोटाखाली, मागच्या परांच्या जवळ, पांढरा ठिपका उठून दिसतो. गडद रंगाच्या मादीवर नर दिसताच उभे पट्टे उमटतात, ती तयार असल्याची ही खूण. आडवे पट्टे दिसले तर ती घाबरलेली आहे, अजून थांबा. फिक्या रंगाच्या मादीवर पट्टे कळत नाहीत, तिथे पोट आणि ठिपका यांवरच भिस्त.

पहिल्या वेळी लांब शेपटीचा महागडा हाफमून घेऊ नका. आखूड पराचा प्लकाट जास्त चपळ असतो, त्याला मादीभोवती वळणं आणि अंडी उचलणं सोपं जातं. दोघं एकाच जातीचे असावेत. काटेरी परांचा क्राउनटेल आणि हाफमून यांची जोडी लावली तर पिल्लांचे पर धड एका प्रकारचे निघत नाहीत.

दोघांना आठ-दहा दिवस वेगवेगळं ठेवून चांगलं खाऊ घाला: गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया, मॉइना (पाण्यातले बारीक किडे), दिवसातून दोनदा, थोडं थोडं. डासांच्या अळ्या त्यांना प्रिय असतात, पण घरात मुद्दाम पाणी साठवून त्या वाढवू नका. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंगीच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या जिवाशी हा खेळ नको. जिवंत ट्युबीफेक्स हा बारीक लाल किडाही टाळा. तो घाण पाण्यात वाढतो.

## भेट

नराला टाकीत सोडा आणि एक दिवस रुळू द्या. मग मादीला टाकीच्या मध्ये, तळ कापलेल्या पारदर्शक बाटलीत किंवा उंच ग्लासात ठेवा. ती त्याला दिसेल, पण तो तिला गाठू शकणार नाही. नर पर फुलवून फेऱ्या मारतो, मध्येच जाऊन बुडबुडे रचतो, पुन्हा येतो. मादी डोकं खाली करून उभे पट्टे दाखवायला लागली आणि घरटं तळहाताएवढं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हळूच मोकळं करा. सकाळी अशासाठी, की दिवसभर तुमचं लक्ष राहील. सुटीचा दिवस निवडा.

थोडी पाठलाग-झटापट होणार, परांना चिरा जाणार. ते चालायचंच. मादी कोपऱ्यात निपचित पडली, खवले उडाले किंवा ती श्वासाला वर येऊ शकत नसेल तर लगेच बाहेर काढा. दोन दिवसांत अंडी पडली नाहीत तरीही दोघांना वेगळं करा, पुन्हा खाऊ घाला आणि पंधरा दिवसांनी बघा.

जुळलं तर मादी घरट्याखाली येते. नर तिच्याभोवती अंग वळवून तिला उलटी करतो आणि दोघं काही क्षण निश्चल होतात. मग पांढरी अंडी टपटप खाली पडतात. मादी अजून तरंगत असते, तेवढ्यात नर झेप घेऊन एकेक अंडं तोंडात गोळा करतो आणि वर नेऊन बुडबुड्यांत बसवतो. हे पुन्हा पुन्हा, कित्येक तास चालतं. सुरुवातीच्या काही मिठ्या रिकाम्या जातात, त्याची काळजी करू नका. हे दृश्य घरातल्या मुलांना जरूर दाखवा, फक्त काचेवर टकटक नको आणि झाकण सारखं उघडू नका.

अंडी संपली की नर मादीला हुसकावून लावतो. ती लपून बसलेली दिसली की तिला बदामाच्या पानाचं पाणी असलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवा.

## नराची राखण

पुढचे तीन-चार दिवस टाकी नराची. तो घरट्याखालून हलत नाही, फुटलेले बुडबुडे नवे करतो, पडलेलं अंडं उचलतो. या दिवसांत त्याला खाऊ घालायची गरज नाही. रात्रीही मंद दिवा राहू द्या, म्हणजे खाली पडलेलं पिल्लू त्याला दिसेल.

साधारण २४ ते ४८ तासांत अंडी फुटतात. पिल्लं शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात, सुटून पडतात आणि नर त्यांना तोंडात धरून परत वर नेतो. या वेळी पिल्लांना काही देऊ नका. पोटाखालच्या पिशवीतला बलक त्यांना दोन-तीन दिवस पुरतो.

कधी नरच अंडी खातो. त्यातली काही फळलेली नसतात, काहींना बुरशी धरलेली असते, ती तो काढून टाकत असतो. तरुण नर घाबरला किंवा सारखं कुणी डोकावत राहिलं तर सगळीच फस्त करतो. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावला तर फरक पडतो. दोन-तीन खेपा लागोपाठ त्याने असंच केलं तर दुसरा नर बघा.

पिल्लं आडवी होऊन स्वतः इकडेतिकडे पोहायला लागली की नराला बाहेर काढायचं. आता ती घरट्याशी थांबत नाहीत, त्यांना परत आणता आणता तो थकतो आणि भुकेने गिळूही लागतो.

## पहिले पंधरा दिवस

नर निघाला त्या दिवसापासून ड्रॉपरने इन्फ्युसोरिया द्या, दिवसातून तीन-चार वेळा. तिसऱ्या दिवसापासून त्यासोबत थोडी आर्टेमिया सुरू करा. भिंगातून बघा: ज्यांनी खाल्लं त्यांची पोटं केशरी दिसतात. बहुतेकांची पोटं केशरी दिसायला लागली की इन्फ्युसोरिया थांबवा. आर्टेमिया दिवसातून दोन-तीनदा, तासाभरात संपेल एवढीच द्या. गोड्या पाण्यात ती काही तासांत मरते आणि मेलेली पाणी बिघडवते.

तळ साफ करायला एअर पंपाची बारीक नळी वापरा, ती एका काडीला बांधा आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढा. बादलीत पिल्लू आलं तर दिसेल आणि चमच्याने परत सोडता येईल. पहिल्या आठवड्यात फक्त तळाची घाण उचला. नंतर रोज दहा टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं असावं आणि गाठ मारलेल्या नळीतून थेंबथेंब सोडावं. याच काळात पाण्याची पातळीही हळूहळू वाढवत न्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास लॅबिरिंथ तयार होतो आणि पिल्लं हवा घ्यायला वर यायला लागतात. झाकण बाजूला राहून वर पंख्याचा गार वारा लागला तर धडधाकट दिसणारी पिल्लंही पटापट मरतात. महिनाभर झाकण काटेकोरपणे लावा, फटी पारदर्शक प्लास्टिकने बुजवा, हवेसाठी एक लहानशी जागा तेवढी सोडा.

## त्यापुढे

महिन्याभरात पिल्लं साठ-ऐंशी लिटरच्या टाकीत हलवा. आता मॉइना, बारीक चिरलेले ब्लडवर्म आणि हळूहळू बारीक दाणे खायला शिकवा. काही झपाट्याने वाढतात, काही मागे राहतात. मोठ्यांना वेगळं केलं की लहानांना खायला मिळतं. पाठीला बाक असलेली, धड पोहू न शकणारी पिल्लं पुढच्या जोडीसाठी ठेवायची नाहीत.

आठव्या ते दहाव्या आठवड्यात जे एकमेकांवर पर फुलवायला लागतील ते नर. त्यांना एकेक करून बरणीत काढा. बरणी दोन लिटरपेक्षा लहान नको आणि मध्ये कागद लावा, नाहीतर दिवसभर शेजाऱ्याकडे बघून ताणात राहतात. माद्या एकत्र राहू शकतात, पण त्यांतही एखादी दांडगी निघते, तिच्यावर लक्ष ठेवा.

## हेच गुरामीसाठी करायचं असेल तर

आपल्याकडे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात मिळणारा ड्वार्फ गुरामी हा छोटा मासाही बुडबुड्यांचं घरटं बांधतो. नर त्यात पानांचे आणि काड्यांचे तुकडे विणतो, म्हणून टाकीत तरंगत्या वनस्पती भरपूर हव्यात. त्याची अंडी फायटरसारखी खाली बुडत नाहीत, स्वतःच वर तरंगतात. पिल्लं मात्र आणखी बारीक असतात. आर्टेमिया त्यांच्या तोंडात मावेपर्यंत आठवडाभर किंवा जास्तच जातो, तेव्हा इन्फ्युसोरियाच्या दोनऐवजी चार बरण्या लावा आणि पहिली बरणी जोडी सोडण्याच्या दहा दिवस आधी सुरू करा.